चोरीच्या मालाला नमस्कार

ती घटना आठवली की आजही माझा हात कपाळाकडे जातो. नमस्कारासाठी नव्हे, मारून घ्यायला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. न्यू जर्सीत एडिसनच्या शेजारच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह होतो. आपली बहुतेक मंडळी तेव्हा डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, त्यामुळे वडील माझी ओळख "हा गव्हर्नमेंटमध्ये असतो" एवढ्यावर आटोपत.

एका सकाळी गावातल्या चिनी रेस्टॉरंटच्या म्हाताऱ्या मालकीणबाई ठाण्यात आल्या. त्यांच्या लाल दारावर पितळी श्वापदमुखांची जोडी होती, जुन्या चिनी घरांच्या दारांवर असायची तशी: वटारलेले डोळे, मुरडलेलं नाक आणि दातांत धरलेली कडी. आल्यागेल्याने कडी वाजवायची. वाईटसाईट काही आलंच तर त्या तोंडाकडे बघून माघारी फिरायचं. बाईंच्या माहेरच्या दारावरची ही जोडी, देश सोडताना कपड्यांच्या गाठोड्यात बांधून आणलेली. त्यातलं डावं मुख रात्रीतून कोणीतरी काढून नेलं होतं.

"एक आहे ना अजून," मी समजूत घालायला गेलो.

"एकटा राखणदार पेंगतो," बाई म्हणाल्या. "दोघं असले की एकमेकांना जागं ठेवतात."

उरलेल्या मुखाचा फोटो काढून मी कोटाच्या खिशात टाकला. दुपारी टीप आली. समोरच्या बेकरीवाल्याने आदल्या दिवशी बाईंच्या स्वयंपाक्याला त्या दाराशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभं पाहिलं होतं. झालं! केस सुटली म्हणून मी सार्जंटना डोनट्स खाऊ घातले. बाईंनी त्याच दिवशी स्वयंपाक्याला कामावरून काढलं. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "डाव्या मुखाचे स्क्रू झिजलेत. नवे आणेपर्यंत तेच आवळत होतो." गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचं ग्रीन कार्ड धोक्यात आलं असतं, आणि बायको-मुलगी अजून तिकडेच. बोलताना त्याचे हात थरथरत होते. मी ठरवून टाकलं, घाबरलेला माणूस खोटं बोलतो.

रविवारी एका काकूंकडे सत्यनारायण होता. देवघरावर नवंच एक पितळी कीर्तिमुख टांगलेलं, आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर असतं तसं. प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार, भरपूर हळदकुंकू, तोंडातल्या कडीला छोटी घंटा. मी घंटा वाजवली, डोळे मिटले आणि 'चोरीचा माल लवकर सापडू दे' म्हणून मनोभावे हात जोडले. फोटो खिशातच होता.

"छान आहे हो, काकू. इंडियाहून आणलंत?"

"छे रे, कालच त्या जुन्या सामानाच्या फ्ली मार्केटला मिळालं. तो मेला ह्याला लायन म्हणत होता!"

आम्ही दोघंही त्या विक्रेत्याच्या अज्ञानाला हसलो. प्रसाद मी दोनदा घेतला.

सोमवारी स्वयंपाक्याची शेवटची चौकशी. आरोप ठेवण्याआधी मालाचं वर्णन पुरं करायचं होतं, म्हणून विचारलं, "त्या मुखाला काही खूण?"

"डाव्या कानामागे लाल रंग. दार मीच रंगवलं होतं. तेवढा डाग निघाला नाही. बाई अजून त्यावरून बोलतात."

माझी कॉफी टेबलावर सांडली. काकूंच्या कीर्तिमुखाच्या डाव्या कानामागे लाल दिसलं तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं: काय निगुतीने पूजा करतात, कानामागेसुद्धा कुंकू!

तासाभरात मी आणि माझा आयरिश सहकारी काकूंच्या दारात.

"काकू, ते कीर्तिमुख न्यायला आलोय. चोरीचं आहे."

"अगं बाई! पण पूजेतला देव असा उचलून नेतात होय रे? थांब, उत्तरपूजा करते. आणि आधी बूट काढा दोघंही!"

काकूंनी अक्षता वाहिल्या, हातावर ठेवावं तसं कडीवर दही ठेवलं आणि मोज्यांवर उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यालाही हात जोडायला लावले. एव्हिडन्स बॅगेवर त्याने प्रामाणिकपणे नोंद केली: सोबत दही.

फ्ली मार्केटच्या विक्रेत्याकडून रेस्टॉरंटला भाजी पोचवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरचं नाव मिळालं. झिजलेले स्क्रू त्याने नुसत्या हाताने फिरवून काढले होते. त्याने कबुली दिली.

केस संपल्यावर मी मुख परत द्यायला गेलो. रुमालाने हळदकुंकू पुसायला लागलो, तर बाईंनी हात धरला.

"हे काय आहे?"

"आमच्या लोकांनी त्याची पूजा केली."

"म्हणजे पाहुणचार बरा झाला," त्या म्हणाल्या. "राहू दे."

त्यांनी निरोप पाठवला होता, म्हणून स्वयंपाकीही आला होता. नव्या स्क्रूंनी त्यानेच मुख बसवलं आणि सवयीने मागच्या, किचनच्या दाराकडे निघाला.

"पुढून ये," बाई ओरडल्या, आणि मला आत घेऊन लाल दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेरून कडी वाजली, अगदी हलकी. बाईंनी एप्रन सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. सॉरी वगैरे काही नाही.

"ये. भाताला उशीर झालाय."

त्यानंतर पुष्कळ संशयितांचे थरथरते हात पाहिले. दर वेळी त्या प्रसादाची चव जिभेवर यायची आणि मी आरोप लिहायच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायचो.

रेस्टॉरंट आता नाही. तिथे फोनचं दुकान आहे, काचेचं दार कोणीही आलं तरी आपोआप सरकतं. मी मात्र अजून तिथे क्षणभर थांबतो. हात वर जातो, कडी शोधतो.