लेओनारच्या सुपाची गोष्ट

नोएलीचा नवरा लेओनार लाकडी जोडे करायचा आणि जेवायला बसला की एकच गोष्ट सांगायचा. जोडे उत्तम असत. गोष्टीचं मात्र नोएलीला केव्हाच अजीर्ण झालं होतं. तिचे दोन्ही मुलगे ती गोष्ट ऐकत रांगले, चालले, मिसरूड फुटून मोठे झाले, तरी ती काही संपायचं नाव घेत नव्हती.

गोष्ट अशी. पहिल्या महायुद्धात लेओनार खंदकांत सूप पोचवणारा शिपाई होता. मागच्या भटारखान्यातून पाठीवर सुपाची मोठी डेग घ्यायची आणि चिखलातून सरपटत पुढे न्यायची. पोचेपर्यंत सूप गार, वर चरबीचा थर, आणि पुढच्यांच्या शिव्या खायला लेओनार. एकोणीसशे सतरा साली शिपाई बिथरले. मरायला जाणार नाही म्हणून बसले. तेव्हा नवे जनरल आले. एके दिवशी ते म्हणे रस्त्यात थांबले, लेओनारच्या डेगेचं झाकण उचललं, त्याच्याच चमच्याने घोट घेतला आणि म्हणाले, "गार आहे."

झालं, एवढंच. पण थोड्याच दिवसांत भटारखाना पुढे सरकला, सूप गरम मिळू लागलं आणि अडकलेल्या रजा सुटल्या. त्या रजेत लेओनार घरी आला आणि पुढच्या वर्षी आन्सेल्म जन्मला.

"आमचा थोरला म्हणजे जनरलसाहेबांची देणगी," असं लेओनार चारचौघांत सांगायचा.

"हो ना," नोएली म्हणायची. "बाळंतकळा पण त्यांनीच सोसल्या."

गावचा न्हावी फेर्दिनाँ त्याच पलटणीत होता. एकदा दाढी करता करता तो म्हणाला, "लेओनार, ते जनरल नव्हते रे. पांढऱ्या मिशांचा कुणीतरी अधिकारी होता." लेओनार अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आला. तेव्हापासून त्याचे केस कापायचं काम नोएलीच्या गळ्यात पडलं, आणि वर त्याचं आरशात बघून नावं ठेवणं आलंच.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि चाळीस साली देश हरला. आन्सेल्म सगळ्या पलटणीसकट जर्मनांच्या हाती सापडला. तेच जनरल, आता म्हातारे मार्शल झालेले, देशाचे प्रमुख झाले आणि रेडिओवरून म्हणाले, लढाई थांबवा. सगळं गाव रडलं. लेओनारही रडला, पण त्या दिवसापासून त्याला शांत झोप लागू लागली. त्याने मार्शलचा फोटो आणून चुलीच्या वर भिंतीवर टांगला. माजी सैनिकांच्या संघटनेचा गावातला अध्यक्ष झाला, डोक्यावर संघटनेची टोपी आली. पोरगा कैद्यांच्या छावणीत, भाकरीला रांगा, आणि हा बाबा शीळ घालत जोडे कोरतोय. नोएलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"ज्याने सूप गरम केलं, तो पोरं पण परत आणेल," लेओनार म्हणायचा.

"अरे, सूप वेगळं आणि देश वेगळा."

"माणूस तोच आहे ना?"

यावर ती जास्तच चिडायची. कारण शिपायांना जपणारा माणूस होता तो, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. रजा खरी होती. आन्सेल्म तर तिच्या पोटचा होता. पण एकदा कुणी तुमचं सूप गरम केलं म्हणून जन्मभर त्याने पुढ्यात ठेवलेलं सगळं गिळायचं, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

बेचाळीस साली मार्शलच्या सरकारने जाहीर केलं की आपले कामगार जर्मनीच्या कारखान्यांत गेले की बदल्यात आपले कैदी सुटतील. लेओनारचा चेहरा उजळला. पुढच्या वर्षी तर जाणं सक्तीचंच झालं आणि धाकट्या ओगुस्तच्या वयाच्या पोरांना बोलावणं आलं. लेओनारने ओगुस्तसाठी स्वतः नवे जोडे केले, आतून मेंढीची लोकर लावून. "तू जा," तो म्हणाला. "तू गेलास की दादा येईल. मार्शलचा शब्द आहे."

ओगुस्तने रात्री आईला गाठलं. पहाटे ते नवे जोडे घालूनच तो वरच्या चेस्टनटच्या रानात लपायला गेला. तिथे लाकडाचा कोळसा पाडणाऱ्यांची पडकी झोपडी होती. वाट नोएलीनेच सांगितली होती. रोज सकाळी गाईला चारायला नेते म्हणून ती निघायची, आणि टोपलीत कोबीच्या सुपाचं भांडं असायचं.

लेओनारच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. तो आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त हातातली पटाशी खाली ठेवली.

"तू आन्सेल्मची जागा अडवून ठेवली आहेस," तो म्हणाला. "हा गेला नाही तर तो येणार नाही. कळतंय का तुला? एका पोराला पदराखाली घेऊन दुसऱ्याला मारते आहेस."

"आणि तू दोघांनाही घालवून बसशील. फोटोला हार घाल मग."

"मी शब्द दिलाय, नोएली. संघटनेचा अध्यक्ष आहे मी, दुसऱ्यांची पोरं मीच समजावून पाठवली. रविवारी प्रार्थना झाली की मी स्वतः पोलिसांना जागा सांगणार आहे."

तो सांगेल, हे तिला ठाऊक होतं. लेओनार कधी खोटं बोलत नसे. हाच तर त्याचा ताप होता. ती भांडली, विनवण्या करून झाल्या, शेवटी दोन दिवस अबोला धरला. त्याने अबोल्यातही आपली गोष्ट भिंतीकडे बघून सांगितली.

शनिवारी कळलं की कुंभाराचा बातिस्त छावणीतून सुटून आलाय. तो आन्सेल्मबरोबरच होता. लेओनार टोपी घालून तडक निघाला. "बघ," जाता जाता म्हणाला, "सुटायला लागली पोरं." नोएलीही मागोमाग गेली.

बातिस्त चुलीपाशी घोंगडी पांघरून बसला होता. खोकला थांबला की बोलायचा.

"तुझ्या बदल्यात कोण गेलं रे?" लेओनारने विचारलं.

"बदल्यात? कुणी नाही, काका. फुप्फुसं गेली माझी. कामाचा उरलो नाही म्हणून हाकललं."

"पण अदलाबदलीच्या यादीत आन्सेल्मचं नाव असेलच की. ओगुस्त गेला तर..."

"आन्सेल्मने तेवढाच निरोप दिलाय. धाकट्याला म्हणावं, काय वाट्टेल ते कर, पण इकडे येऊ नकोस. तो आला म्हणून मला कुणी सोडणार नाही. दोघंही अडकू."

लेओनार टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत राहिला. नोएलीला वाटलं, आता हा म्हणेल, बातिस्तला तापात काही समजत नाही. पण त्याने वेगळंच विचारलं.

"सूप गरम देतात का?"

बातिस्तला प्रश्नच कळला नाही. "सूप?"

"हो. गरम असतं का?"

"दुपारी येतं कधीतरी. गार असतं, काका. पाण्यात बटाट्याची सालं."

लेओनारने मान हलवली. टोपी न घालताच तो घराकडे चालू लागला, आणि नोएली मागोमाग. रविवारी तो काय करणार, हे तिला त्याच्या पाठीवरून काही ओळखता येईना.

रविवारी तो प्रार्थनेला गेला आणि तिथून सरळ घरी परतला, तेव्हा नोएली टोपली भरत होती. लेओनार दारात उभा राहिला. मग पुढे आला, भांड्याचं झाकण उचललं, फडताळातला चमचा घेतला आणि सूप चाखलं.

"हे तू असंच नेतेस?"

"मग कसं नेऊ? पालखीतून?"

"वर पोचेपर्यंत गार होतं ना पण." त्याचा आवाज चढला. "अगं, इतके दिवस पोराला गार सूप पाजते आहेस? काही अक्कल?"

नोएली थक्क झाली. पंचवीस वर्षं या माणसाने तिला हीच गोष्ट ऐकवली, आणि तेवढ्या काळात चुलीवर कधी भांडं म्हणून ठेवलं नव्हतं. आता त्याने ते परत चुलीवर ठेवलं, उकळी येऊ दिली, कामाच्या खोलीतून लाकडी पेटी आणली, तळाशी गवत दाबलं, भांडं मधे बसवलं, वरून पुन्हा गवत आणि आपला जुना कोट. पट्टे लावून पेटी पाठीवर घेतली. मग वाकलेल्या अंगानेच त्याने चुलीवरच्या फोटोकडे हात नेला.

"त्याला हात लावू नकोस," नोएली म्हणाली. "पोलीस आले की आधी भिंत बघतात. राहू दे तिथेच."

लेओनारने हात मागे घेतला आणि तो रानाची वाट धरून गेला. गुडघा धरलेला होता, तरी लंगडत का होईना, जुन्या सवयीने जरा वाकूनच चालत होता.

संध्याकाळी तो परतला तेव्हा पेटी रिकामी होती.

"खाल्लं का त्याने?"

"जीभ भाजली म्हणाला."

ती ताटं घेऊन बसली. लेओनारने सूप संपवलं, नेहमीसारखी तळाशी थोडी वाइन ओतली, ताटली तोंडाला लावून प्यायला आणि मिशा पुसल्या. गोष्ट सुरू व्हायची हीच वेळ. त्याने आन्सेल्मच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि भाकरीचे कण गोळा करत बसला.

नोएली गोष्टीची वाट बघत राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि ती उठून भांडी घासायला गेली.