बाहेरून आणलेले डोनट

चोरीचा आळ आला असता तरी मी इतकी चिडले नसते. पण माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच हातचं खाऊन एक बाई म्हणाली की हे डोनट बाहेरून आणलेत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही सानपाड्याला नुकतेच राहायला आलो होतो तेव्हाची. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग? हो, एवढ्याशा गोष्टीचा. राग माझा आहे, किती धरायचा ते मी ठरवीन.

आमच्या बिल्डिंगीत बायकांची भिशी होती. दर महिन्याला चिठ्ठी निघायची आणि जिचं नाव येईल तिच्या घरी पुढच्या महिन्याला सगळ्या जमायच्या. पैशाचं कुणाला फारसं काही नव्हतं, खरी भिशी खाण्याची. नियम एकच, पण कडक. जिच्या घरी भिशी तिने काहीतरी नवीन करायचं आणि ते स्वतःच्या हाताने करायचं. बाहेरचं फरसाण चालणार नाही, बाहेरचा ढोकळा चालणार नाही, पाकिटातलं तर नावच नको. कुणी दादरहून आलेली, कुणी रत्नागिरीकडची, मी साताऱ्याची. कुणाचं माहेर कसं, कुणाचं घराणं कुठलं, कुणाला ठाऊक नाही. नवरे बहुतेकींचे बेलापूरच्या कुठल्या ना कुठल्या सरकारी ऑफिसात, फ्लॅट एकाच मापाचे, खिडक्यांना ग्रिलंसुद्धा एकाच माणसाने बसवलेली. मग एका बाईला दुसरीपेक्षा वेगळं ठरवणार कशावरून? ताटलीत काय आलं त्यावरून.

या भिशीची पुढारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. आम्ही त्यांना मागे नुसतं ‘वरच्या’ म्हणायचो. नियम त्यांनीच केलेला. एकदा एकीने गुलाबजाम पाकिटातल्या पिठाचे केले, तर यांनी कचऱ्याच्या डब्यातून पाकीट शोधून काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. ती बिचारी पुढच्या महिन्यापासून आलीच नाही. जिन्यात भेटली तरी मान खाली घालून जायची. मला तसं होऊन राहायचं नव्हतं.

डोनट मी वाशीला एका बाईंच्या उन्हाळी क्लासमध्ये शिकले. तिथे सोपे वाटले. घरी पहिल्यांदा केले तेव्हा वरची साखर चढवायची वेळ आली आणि माझ्या हाताने आपोआप पातेलं गॅसवर ठेवून एकतारी पाक केला. हात बालुशाही करत मोठा झालेला, त्याला दुसरं काय सुचणार! डोनट पाकात सोडले, ते पाक पिऊन दगड झाले. ह्यांनी एक खाल्ला आणि मान डोलावत म्हणाले, “बालुशाही मस्त झालीय गं.” मला रडायचं की मारायचं ते कळेना.

पण मी हट्टाला पेटले. पाक नाहीच करायचा. साखर मिक्सरमध्ये दळायची, जुन्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची, दोन चमचे दूध, व्हॅनिलाचे थेंब, आणि डोनट गरम असतानाच त्यात बुडवून वर काढायचा. मग त्याच्यावर अशी पातळ, चकचकीत साय धरते की बोट लावलं तर कुरकुरत फुटते. खरी मेख पिठात. मैदा, लोणी, चिमूट मीठ आणि कोमट दुधात फेसाळलेलं यीस्ट. पीठ हाताला एवढं चिकटतं की वरून मैदा घालायचा मोह होतो. पोळ्या करणाऱ्या बाईला तर होतोच होतो. तो मोह आवरायचा, चिकट तर चिकट, मळत राहायचं, मग ते आपणहून हात सोडतं. झाकून ठेवायचं, फुगू द्यायचं, लाटायचं, कापायचं, कापल्यावर पुन्हा फुगू द्यायचं, मग तळायचं. मधे कुठे घाई केलीत की मेलात.

यीस्ट दुकानात सहज मिळायचं नाही. मी पाववाल्या बेकरीत जाऊन ओलं यीस्ट मागून आणायचे, तो भट्टीमागून वर्तमानपत्राच्या पुडक्यात बांधून द्यायचा. फ्रिजमध्ये ठेवलं की सासूबाई नाक मुरडायच्या. “दारूचा वास येतोय. माझ्या नैवेद्याच्या लोण्याशेजारी ते काही ठेवू नकोस.” मी खालच्या कप्प्यात, भाजीमागे ठेवायचे.

तर माझी भिशी आली. सकाळपासून खपून मी डोनट केले. सात-आठ जणी आल्या, ताटल्या हातात गेल्या, आणि हॉल गप्प झाला. खाताना बायका गप्प झाल्या म्हणजे काय समजायचं ते बायकांना सांगायला नको. मी फुगले होते. तेवढ्यात वरच्या बोटं चाटत म्हणाल्या, “छान आहेत गं. कुठल्या बेकरीतले?”

मी हसले. मला वाटलं, कौतुक आहे.

“अगं सांग ना. आम्ही काय तुला खाणार आहोत? पण नियम म्हणजे नियम.”

“मी केलेत, वहिनी. घरी.”

“मैदा असा फुगवणं घरी जमतं होय? मी करून बघितलंय, मला नको शिकवूस.”

बाकीच्या आपापल्या ताटलीत बघायला लागल्या. कुणी माझ्या बाजूने बोलेना. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या दिवाणावर बसून वाती वळत होत्या. सकाळी पीठ मळताना त्या समोर होत्या, तळताना समोर होत्या, पहिल्या घाण्यातला एक तर त्यांनी माझ्या हातून घेऊन खाल्ला होता. मी म्हटलं, “आई, तुम्ही सांगा ना.”

“मला काय माहीत बाई,” त्या म्हणाल्या. “माझा डोळा लागला होता.”

डोळा लागला होता! चहात अर्धा चमचा साखर जास्त पडली तर आतल्या खोलीतून ओरडणारी बाई, आणि तिचा डोळा लागला होता. मला हसू आलं असेल नसेल, आठवत नाही. कान गरम झालेले तेवढे आठवतात.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जिन्यात दोघी बोलत असल्या की मला बघून गप्प. भाजीवाल्यापाशी एकीने हळूच विचारलं, “ए, ती बेकरी कुठली गं? आमच्याकडे पाहुणे यायचेत.” ह्यांना सांगितलं तर म्हणे, “जाऊ दे ना, कशाला टेन्शन घेतेस? डोनटच तर आहेत.” मी त्या दिवशी त्यांना नुसता आमटीभात वाढला. बालुशाही झालेला तो पहिला घाणा, दुखणारे दंड, भाजलेलं मनगट, सगळ्यावर एका वाक्यात पाणी. आणि ती बाई रोज संध्याकाळी गॅलरीत केस विंचरत उभी. मी खालून बघायचे आणि ठरवायचे, तुला बसवते बघ.

पुढच्या भिशीला मी चिठ्ठी काढूच दिली नाही. म्हटलं, “येत्या महिन्याला पुन्हा माझ्याकडे. आणि सकाळी यायचं. डोनट तुमच्यासमोर होतील. मैद्याच्या पाकिटापासून.” वरच्या म्हणाल्या, “एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” मी म्हटलं, “नाही वहिनी, नियम म्हणजे नियम.”

दिवस मी मुद्दाम जानेवारीतला धरला. थंडीत पीठ सावकाश फुगतं. उन्हाळ्यात लवकर आटोपलं असतं, पण मला लवकर आटपायचंच नव्हतं.

सगळ्या आल्या. बाकीच्यांना हॉलमध्ये बसवलं, वरच्यांना स्वयंपाकघरात, ओट्याला लागून स्टुलावर. आमचं स्वयंपाकघर एवढंसं, गुडघा हलवला तर डब्याला लागतो. मी यीस्ट त्यांच्या नाकाखाली धरलं. “वास घ्या.” पीठ मळलं, त्यांना बोट लावायला सांगितलं. “बघा वहिनी, बेकरीतलं आहे का?” पातेलं ग्रिलमध्ये उन्हाला ठेवलं आणि सगळ्यांना चहा दिला. नुसता चहा. तासाभराने पुन्हा चहा. बायका चुळबुळायला लागल्या. कुणाची मुलं शाळेतून यायची होती, कुणाचा कुकर लावायचा होता. सानपाड्याच्या जुन्या गावातली एक काकू आमच्या भिशीत होती, तिच्या शेताच्या जागेवरच आता बिल्डिंगी उभ्या होत्या. ती दारातून ओरडली, “आगो, तुजा पीठ फुगंल तवा फुगंल, मना घरा जावाचा हाय!” आणि वरच्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “हिच्या जिभेपायी आमी उपाशी!” मला तिला मिठी मारावीशी वाटली. गॅसशेजारी बसून वरच्यांचा पदर घामाने ओला झालेला, पाठ अवघडलेली, पण उठायची सोय नव्हती. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं.

पीठ फुगलं. लाटलं, स्टीलच्या ग्लासाने गोल कापले, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मधली भोकं पाडली. मधून निघालेल्या बारक्या गोळ्या ताटात बाजूला ठेवल्या. पुन्हा फुगू दिलं, पुन्हा बसवून ठेवलं. मग मंद आचेवर एकेक तळला, साखरेत बुडवला आणि पहिली ताटली वरच्यांच्या हातात दिली.

त्यांनी खाल्ला. मग दुसरा मागून घेतला. मग हळूच म्हणाल्या, “चुकलं गं माझं. घरचेच होते.”

“जरा मोठ्याने, वहिनी. हॉलमध्ये ऐकू गेलं नाही.”

त्या मोठ्याने म्हणाल्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, असं वाटलं, वाटलं फक्त. कारण लगेच त्या स्टुलावरून उठल्या आणि कंबर धरत म्हणाल्या, “पण मला काय स्वप्न पडलं होतं? तुझ्या सासूबाईंनीच सांगितलं मला जिन्यात. सून सकाळी बेकरीतून पुडकं घेऊन आली म्हणून.”

पुडकं. यीस्टचं.

मी हॉलमध्ये पाहिलं. सासूबाई वाती वळतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग मी काय खोटं बोलले? आणलं नव्हतंस पुडकं?”

म्हणजे गेले दोन महिने मी ज्या बाईच्या गॅलरीकडे बघून दात खात होते, ती नुसता भोंगा होती. बोलणारी माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवत होती. आणि का, तेही मला कळलं. बिल्डिंगीतली पोरं आधी आमच्याकडे यायची ती सासूबाईंच्या ओल्या नारळाच्या वड्यांसाठी. भिशीआधी मी सरावाचे डोनट करायला लागल्यापासून वड्यांचा डबा तसाच राहायचा. माझा मुलगासुद्धा म्हणाला होता, “आजी, वडी नको, आई डोनट करणारे.” ते त्यांना लागलं असणार. लागू दे. मला लाज आणायचा हक्क त्याने मिळत नाही. तोंडावर बोलायचं होतं. मी त्यांना उत्तर दिलं असतं, त्यांनी मला दिलं असतं, सासू-सुना आणखी काय करतात? पण भर भिशीत सुनेला खोटी पाडून वाती वळत बसायचं?

ओट्यावर त्या गोळ्या राहिल्या होत्या. मी गॅस मोठा केला, पार मोठा, आणि सगळ्या एकदम कढईत लोटल्या. बघता बघता लालबुंद झाल्या. काढल्या, साखरेत घोळल्या. हॉलमध्ये गेले आणि प्रत्येकीला आणखी एकेक डोनट वाढला, चांगला मोठा, निवडून. सासूबाईंच्या समोर ताटली ठेवली त्यात एकच गोळी. भोकातून निघालेली. सगळ्यांनी पाहिलं. मला हवंच होतं सगळ्यांनी पाहायला.

“आई, खा,” मी म्हटलं. “आणि सगळ्यांना तुमच्या तोंडाने सांगा, हे घरचं आहे की बेकरीतलं.”

सासूबाईंनी वाती बाजूला ठेवल्या, पदराला हात पुसले, गोळी उचलली. तोंडात घातली नाही. दोन बोटांनी मधोमध फोडली आणि उजेडाकडे धरली. आतून पांढरं, ओलं पीठ तारेसारखं लोंबलं. त्यांनी ती तशीच वरच्यांच्या पुढे केली.

“घरचंच आहे हो,” त्या म्हणाल्या. “बेकरीवाला आतून इतकं कच्चं ठेवत नाही.”

सगळ्या हसल्या. वरच्या तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. साक्ष मला हवी होती, ती भर भिशीत मिळाली, त्यानंतर माझ्या डोनटवर कुणी कधी संशय घेतला नाही. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बिल्डिंगीतल्या जुन्या बायका भेटल्या की अजून ती गोष्ट काढतात आणि अजून तितक्याच हसतात. मी अजून एकदाही हसलेले नाही.