गाठीभोवतीचा तुकडा

वडूजहून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या प्रयोगशाळेत, एका रुग्णाच्या, मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे पातळ काप काढत होते. “आप्पा गेलं,” एवढंच तो म्हणाला. आप्पा म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. हातातलं काम पुरं करून मगच मी उठले. अर्धवट काम टाकणारी माणसं मामांना अजिबात खपत नसत... त्याला आता दीड महिना झाला.

मामा जन्मभर मेंढरांमागे फिरले. गालात गाठ आली तेव्हा मीच त्यांना सांगलीला आणलं. गाठीच्या तुकड्याचे कापही मीच काढले आणि सवयीप्रमाणे, गाठ लागेपर्यंतचे वरचे काप फेकून दिले. आमची रीतच ती. रोग गाठीत, मग आजूबाजूच्या मांसाशी काय देणंघेणं? माझ्याकडे राहून मामांनी रेडिएशनचे सगळे शेक घेतले, एकही चुकवला नाही. गाठ विरली असं वाटलं, आणि काही महिन्यांत ती पुन्हा वर आली.

तेव्हा मामांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. गाठीभोवती आधार देणाऱ्या पेशी असतात. एरवी त्याच जखम भरून आणतात. पण गाठीच्या संगतीत काही वेळा बदलतात आणि शेकातूनही तिला वाचायला मदत करतात. मामांचं तसंच झालं का, हे सांगता येत नव्हतं. बाई त्याचाच अभ्यास करत होत्या. तुलनेला शेकाआधीचे काप हवे होते, ते मी कचऱ्यात घातले होते. निदान आत्ताचा तुकडा तरी मिळावा, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मामांना पुन्हा दुखणं, आणि फायदा काही नाही. मी मामांपुढे चूक कबूल केली, रडले, आणि नाही म्हणा असंही सांगितलं.

मामा म्हणाले, “लांडगा उघड्यावर बसत न्हाई, बाय. झुडपात दडतोय. नुसता लांडगाच हुडकत बसलं तर मेंढरू जातंय. तुमी झुडपं बघा.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “माझं ऱ्हाऊ द्या. फुडच्याचं बघा. सही कुठं करू?”

तुकडा प्रयोगशाळेत आला तेव्हा, घरच्या माणसाचं काम दुसऱ्याला दे, असं सहकारी म्हणाले. मी दिलं नाही. स्वतःलाच एक शिवी हासडली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे काप काचांवर घेतले. त्या काचांवर मामांचं नाव नाही, नुसता क्रमांक आहे. मला तो पाठ आहे.

परवा बाई त्या काचा न्यायला आल्या. मी म्हटलं, इथंच बघू, मलाही शिकायचंय. सूक्ष्मदर्शकाजवळ खुर्ची ओढली आणि पहिली काच, गाठ लागण्याआधीच्या कापाची, मीच लावली.