घड्यांची नळी

जगदीश, सापगावात पंखे दुरुस्त करता करता तू जांभळं काढायचं यंत्र केलंस. काठीला कात्री, खाली कापडाची नळी आणि नळीला आतून घड्या. पेटंट नाकारलं, कारण परदेशात सफरचंदं काढायची अशीच नळी आधीच नोंदलेली. अपिलासाठी तुझी वकील म्हणून मी दोन्ही यंत्रांची चित्रं शेजारी ठेवली. त्यांची नळी सरळ होती.

"या घड्या कशाला रे?"

"बाई, सफरचंद आपटलं तरी खपतं. जांभूळ फुटलं का नुसता डाग! घड्यांत अडखळत हळू उतरतं."

अरे, हाच तर फरक! तोच लिहिला. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "सरळ नळीत जांभूळ फुटतं, हे करून बघितलंत?"

"नाही साहेब," मी म्हटलं. शहापूरहून सरळ नळी आणून बघायचं आपलं हंगामभर ठरत होतं. ते राहूनच गेलं.