बरगडी मोडली तरी

फौंड्रीत सुपरवायझर होतो तेव्हा कंपनीनं मला प्रथमोपचाराच्या कोर्सला धाडलं होतं. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर छाती कशी दाबायची ते रबरी पुतळ्यावर शिकवलं. सर्टिफिकेट दोन वर्षांचं. मुदत संपली की पुन्हा एक दिवस जाऊन बसायचं, नवं घ्यायचं. एवढंच काम, पण तेही माझ्या हातनं झालं नाही.

नव्यासाठी बोलावणं आलं, नेमका त्याच दिवशी दोस्तानं पन्हाळ्याचा बेत काढला. आम्ही शाळेपासूनचे. बायको गेल्यावर मी घरात कोंडून घेतलं, तेव्हा रोज सकाळी मला ओढून दूध कट्ट्यावर ताजं धारोष्ण दूध प्यायला नेणारा तो एकटाच. कोर्सचं सांगितलं तर म्हणाला, "एकदा पवायला शिकलेला गडी बुडतोय व्हय? चल मर्दा!" मला तरी कुठं जायचं होतं? झुणका-भाकरी, खरडा चापून आलो. जुनं सर्टिफिकेट भिंतीवर तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी, कट्ट्यावर म्हशीची धार काढून गवळ्यानं ग्लास त्याच्या हातात दिला, आणि हा गपकन खाली बसला. मग आडवाच झाला. हाक मारली, ओ नाही. श्वास नाही. गर्दी जमली. कुणी म्हणे कांदा फोडून नाकाला लावा, एकानं तर पायातली चप्पल काढून हुंगवायला पुढं केली. "सरका की मागं! अँब्युलन्सला फोन लावा!" मी ओरडलो आणि गुडघ्यावर बसून छाती दाबू लागलो. मोजत होतो. तेवढ्यात हाताखाली कट्ट झालं. बरगडी मोडली.

मी हात काढले.

आई गं, मीच मारतोय की काय ह्याला, एवढंच डोक्यात आलं. तोवर लोकांनी त्याला उचलून बसवला, तोंडाला पाणी लावलं. पाणी गळ्यावरून ओघळलं. अँब्युलन्स येईपर्यंत मी नुसता उभा होतो.

तो गेलाच. बाराव्याच्या दिवशी सगळे म्हणाले, "तुम्ही लई केलासा." त्याच्या बायकोनं तर हात जोडले. "भावजी, तुम्ही हुतासा म्हणून एवढं तरी झालं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कुणाला सांगणार? असलं सांगायचा माणूस तोच होता.

महिन्यानं आपणहून कोर्सला गेलो. शिकवणारी पोरगी म्हणाली, "बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी नंतर जुळते." घरी येऊन पहिल्या कोर्सची जुनी वही काढली. हेच वाक्य, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेलं.

मी थांबलो नसतो तर तो वाचला असता का, देव जाणे. पण मी थांबलो, हे मला माहीत आहे.

आता मुदत संपायच्या आधीच जातो. कट्ट्यावर जात नाही. कोर्सला सगळे जोडीनं बसतात, मी कडेला एकटा. आधी पुतळ्याचे खांदे हलवून हाक मारायची असते. बाकीचे लाजत पुटपुटतात. मी ओरडतो, "ऊठ की मर्दा!" सगळा हॉल वळून बघतो. मग दाबायला लागतो.

"काका, झालं तुमचं. थांबा आता," ती पोरगी म्हणते.

मी थांबत नाही.