चादरीतली सुई

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला नर्सेसचा वर्ग घेत होते. "सिस्टर, आई गेली. सकाळीच," एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला तास पुरा केला. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, जिनं सुई वापरली तिनंच ती डब्यात टाकायची... नेहमीचं सगळं सांगितलं. हे सगळं मी जिच्यामुळे शिकले ती बाई त्या सकाळी गेली होती, आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याला आता दीड महिना झाला.

कल्पनाची आई, द्वारकामावशी, खर्डीच्या. नव्वदच्या दशकात शहापुरातल्या एका लहानशा खासगी प्रसूतिगृहात त्या आया होत्या आणि मी नवी नर्स. माझं शिक्षण प्रमाणपत्रावर होतं, त्यांचं हातांत. पहिलटकरीण घाबरून आकसली की मावशी तिच्या पाठीवरून तळहात फिरवत बसायच्या आणि मला हळूच सांगायच्या, "आता पोरगी नवऱ्याला शिव्या द्यायला लागली ना, म्हंजे टाइम झाला. हातमोजे घाला." आणि खरंच वेळ भरलेली असायची. मी खोली घेऊन एकटी राहायचे, म्हणून त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची असे. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे दिवस संपत आले होते, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या येऊ लागल्या होत्या. पण वापरून झाल्यावर त्यांचं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सुया ट्रेमध्ये पडायच्या, कापसात पडायच्या, आणि मागच्या अंगणातल्या खड्ड्यात कचऱ्याबरोबर जळायच्या. तिथवर त्या नेणारे हात मावशींचे.

एका दुपारी डोळे पिवळे पडलेली एक बाई बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. तपासणीसाठी मी तिचं रक्त काढलं, सुई पलंगावरच टेकवली आणि सलाईनकडे धावले. बाई वाचली. मी भिजलेली चादर गुंडाळून कोपऱ्यात टाकली. थोड्या वेळानं मावशी धुण्याच्या मोरीतून आल्या. अंगठ्याखाली रक्ताचा थेंब होता. "सिस्टर, चादरीत सुई व्हती गो," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, वस्तू सापडल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, "दाबून रक्त काढा, स्पिरिट लावा." तेही चुकीचंच होतं, साबण आणि वाहतं पाणी हवं होतं. पण त्यानंतरचं वाक्य माझ्या अज्ञानातून आलं नव्हतं. नोकरीला चार महिनेच झाले होते, डॉक्टर कडक होते. "मावशी, डॉक्टरांना सांगू नका."

"कशाला सांगू? तुमी काय मुद्दाम केला?" असं म्हणून त्यांनी चिंधी बांधली आणि पुन्हा मोरीवर गेल्या.

इथवरचं मी कुणालाही सांगू शकले असते. पुढचं नाही. तिसऱ्या दिवशी कल्याणहून त्या बाईचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी, रक्तातून पसरणारी कावीळ. तो पाकिटातून मीच काढला, मीच वाचला. अजून उशीर झालेला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मावशींना मुंबईला पाठवून ती रोखणारं इंजेक्शन दिलं असतं. मावशी तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर पाळणा पुसत होत्या. मी रिपोर्ट फाईलला लावला.

तीन महिन्यांनी मावशींना कावीळ झाली. गावातल्या वैदूचं औषध घेऊन त्या बऱ्या झाल्या, निदान कामावर आल्या. मी सुटले असं मला वाटलं... हो, मी सुटले, असंच वाटलं. पुढे मला सरकारी नोकरी मिळाली आणि दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम आल्यावर मी ते शिकवू लागले. पिवळी पिशवी कशाला, लाल कशाला, सुई आधी कापायची. मुली कंटाळल्या की मी त्यांना एका मावशीची आणि एका सिस्टरची गोष्ट सांगायचे. त्या गोष्टीतली सिस्टर लगेच डॉक्टरांकडे धावत जाते आणि मावशी वाचते. मुली लक्ष देऊन ऐकायच्या.

दरम्यान मावशींचं लिव्हर आतून खराब होत गेलं. पोटात पाणी व्हायला लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी सुई टोचली होती का? मीच त्यांना घेऊन गेले होते, शेजारीच उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाय," म्हणाल्या.

कल्पना, त्यांची मुलगी, धसईच्या बाजूला एका दवाखान्यात मदतनीस आहे. गेल्या रविवारी मी खर्डीला तिच्या घरी गेले. ती आईची अर्धी राहिलेली गोधडी पुरी करत होती. सुईत दोरा जाईना, म्हणून मी हात पुढे केला. तिनं सुई माझ्या हातात दिली नाही, आमच्या मध्ये चटईवर ठेवली. "आईची सवय," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणी कुणाच्या हातात सुई देत नाय. ठेवायची, मग दुसऱ्यानी उचलायची."

मग मी सांगितलं. चादर, चिंधी, पाकीट, फाईल. माझं संपल्यावर ती गोधडीचे टाके बोटानं चाचपत राहिली.

"तुमच्या वर्गाला मी बसलेली एकदा," ती म्हणाली. "त्या सिस्टरनी लगेच सांगितला, असा तुमी बोलला होता."

"ते खोटं होतं."

"आईला मी घरी येऊन ती गोष्ट सांगितली होती. आई बोलली, बरी व्हती गो ती सिस्टर."

मावशींनी ते कुठल्या सिस्टरबद्दल म्हटलं, गोष्टीतल्या की माझ्याबद्दल, हे मी कल्पनाला विचारलं नाही. विचारायचा मला हक्कही नव्हता. मी चटईवरची सुई उचलली, दोरा ओवला आणि होती तिथेच परत ठेवली. कल्पनानं ती लगेच उचलली नाही. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, ती उठून गेली, आणि मी त्या सुईवर लक्ष ठेवून तिथे बसून राहिले, कुणाचा पाय पडू नये म्हणून.