हाताशी राखलेले तीन तास

गोंडपिपरीत नुसते 'इस्तारी' म्हटले तर दहा माणसे पुढे येतील. 'एअरपोर्टवाला इस्तारी' म्हटले की एकच. नागपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर आमच्या तालुक्यातून कोणाला सोडायचे असो की आणायचे असो, लोक त्यालाच फोन करतात. त्याची पांढरी गाडी जुनी आहे, पण आतून स्वच्छ. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि उलटी होणाऱ्यांसाठी लिंबू ठेवलेले असते. विमानतळावर कोणत्या दाराशी किती मिनिटे गाडी उभी करता येते, सामानाची ढकलगाडी कुठे मिळते, हे सगळे त्याला पाठ आहे. मात्र काचेच्या दाराच्या आत तो कधी गेलेला नाही.

"तिकीट लागते ना बाबूजी," तो म्हणायचा. "मी आपला नवरदेव मांडवापर्यंत पोहचवणारा. जेवण आतमंधी, मी बाहेर."

तो ढिवर समाजाचा. गाव गोंडपिपरीपासून आठ किलोमीटरवर, जुन्या तलावाच्या पाळीला लागून. वडील लटारू यांनी आयुष्यभर त्या तलावात मासे धरले. इस्तारी दहावीनंतर बल्लारपूरला एका जीपवर क्लीनर म्हणून लागला, तिथेच गाडी शिकला, आणि पुढे ही गाडी घेतली. पण तलाव सुटला नाही. ऑफ सीझनला, म्हणजे लग्ने नाहीत आणि परदेशातली मुले येत नाहीत अशा दिवसांत, तो वडिलांबरोबर जाळे टाकायला जायचा.

मी इथल्या महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. वाणिज्य शाखेत शिकलो आणि एकतीस वर्षे ऑफिस सांभाळले. त्या काळात एक सवय अंगात मुरली: खरी वेळ कोणाला सांगायची नाही. अर्ज पंधरा तारखेपर्यंत हवे असतील तर मी दहा सांगतो. सभा अकराला असेल तर साडेदहा. मधला वेळ आपल्या हाताशी राहतो आणि काम कधी अडत नाही. या सवयीचे मी आजवर कौतुकच ऐकले होते.

मे महिन्यात माझी मुलगी दिव्यानी तीन वर्षांनी सिंगापूरहून येणार होती. मुंबईला विमान बदलून ती दुपारी तीन वाजता नागपूरला उतरणार होती. मी इस्तारीला बोलावले.

"सोळा तारखेला नागपूर," मी म्हणालो. "दिव्यानी येते आहे. बारा वाजता उतरेल."

त्याचा चेहरा पडला.

"सोळाले आमचा तलाव हाये, बाबूजी."

या तलावाचे मला ठाऊक होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की एका ठरलेल्या दिवशी अख्खे गाव मोठे जाळे ओढते. प्रत्येक घराचा एक माणूस पाण्यात, प्रत्येकाची जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली; जागा असेल त्याच घराचे जाळे वर्षभर तलावात पडते. म्हातारा थकला की त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, तो जाळ्याची दोरी मुलाच्या हातात देतो आणि पाण्याबाहेर येतो. मुलगा त्या वेळी हजर नसेल तर जागा भावकीतल्या दुसऱ्याला जाते, आणि एकदा गेलेली जागा परत येत नाही.

"बाबाचे गुडघे गेले," इस्तारी म्हणाला. "यंदा तो दोरी मले देणार. जाळं साडेआठले बंद होते. मी नवाले तुमच्या दाराशी उभा राहतो."

"नऊला निघून बारापर्यंत नागपूर होईल का?"

"नाई होणार." तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. "दुसरा डायव्हर देऊ का? राजदीप चांगला चालवते."

नऊला निघाला असता तर एक वाजता आम्ही नागपुरात असतो. विमानाला दोन तास अवकाश राहिला असता. हे मला त्या क्षणी कळत होते. पण बारा हा आकडा तोंडातून गेला होता, आणि एकदा दिलेली वेळ मी कधी बदलली नव्हती. शिवाय मुलगी इतक्या वर्षांनी येते, तर ओळखीचाच माणूस हवा, असेही वाटत होते. मी त्याला सरळ आग्रह केला नाही. फक्त विचारले, "रोशनी कशी आहे? दुसऱ्या वर्षाला गेली ना?"

रोशनी त्याची मुलगी. तिच्या प्रवेशाच्या वेळी एक दाखला उशिरा आला होता आणि मी तिचा अर्ज बाद न करता तिच्यासाठी थांबवून ठेवला होता. त्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. पण त्या वेळी रोशनीचे नाव मी का काढले, हे त्यालाही कळले आणि मलाही.

"बरी हाये," तो म्हणाला. "सोळाले सकाळी सात वाजता येतो, बाबूजी."

तो सातला पाच मिनिटे कमी असताना आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. बल्लारपूर गेले, चंद्रपूर गेले. पडोलीचा चौक ओलांडून भद्रावतीच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. काच उघडी होती.

"हो बाबा... नाई, आता कुठचा येतो... भूपेश हाये ना तिथी? मंग उतरू दे त्याले." थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. "उतरू दे म्हणलो ना."

तो परत बसला. मी विचारले, "काय झालं?"

"काई नाई. काकाचा पोरगा उतरला पाण्यात."

त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. एरवी वरोऱ्यापासून बुटीबोरीपर्यंत त्याचे तोंड बंद नसते.

साडेअकराला विमानतळ आला. मे महिन्यातले नागपूर. गाडी वाहनतळावर लावून आम्ही एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. बारा वाजले, साडेबारा वाजले. मी समोसे आणले.

"मले नको," तो म्हणाला. "तलावाच्या दिवशी घरी मासोळी आल्याबिगर आमची चूल पेटत नाई. मीबी खात नाई. चहा चालन."

"सकाळपासून उपाशी आहेस?"

"रोज खातोच ना बाबूजी. एक दिवस नाई खाल्लं तर पोट का राजीनामा देणार हाये?"

एक वाजला तेव्हा त्याने दाराकडे पाहून विचारले, "लेट हाये का विमान?"

सांगायची ती शेवटची संधी होती.

"हो," मी म्हणालो. "लेट आहे."

"तुम्ही नका घोर करू. विमान का आपली एसटी हाये, का हात दाखवला का थांबन? येईन ताई." त्याने गाडीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "उन्हात नका उभे राहू. बीपी हाये तुमाले."

मी ते पाणी प्यालो.

दिव्यानी साडेतीनला बाहेर आली. इस्तारीने तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या, तिला गाडीत बसवले, एसीचे तोंड तिच्याकडे वळवले. बुटीबोरीच्या पुढे गेल्यावर तो मोकळेपणाने म्हणाला, "ताई, लई लेट केलं ना तुमच्या विमानानं? थकल्या असान."

"नाही हो भाऊ," दिव्यानी म्हणाली. "उलट दहा मिनिटं आधीच उतरलं. तीनचीच तर वेळ होती. बाबांना तिकीट पाठवलं होतं मी."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. समोरच्या आरशात त्याचे डोळे दिसत असणार, म्हणून मी मान वळवली नाही. मग तो म्हणाला, "ताई, गार लागत असन तर सांगा. एसी कमी करतो." एवढेच.

घरी पोचल्यावर त्याने सामान ओसरीत ठेवले. मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेलो.

"इस्तारीभाऊ, मी..."

"जातो बाबूजी. घरी वाट पाहत असतील." आणि तो गेला.

आठ दिवस मी झोपलो, उठलो, ऑफिसला गेलो. नवव्या दिवशी रविवार होता. स्कूटर काढली आणि त्याच्या गावी गेलो. इस्तारी भाड्याने बाहेर गेला होता. लटारूभाऊ पाळीवर आंब्याखाली जाळे दुरुस्त करत बसले होते. मी त्यांच्याजवळ खाली बसलो. वाटेत ठरवलेली वाक्ये होती, ती सगळी विसरलो.

"लटारूभाऊ, त्या दिवशी इस्तारी माझ्यामुळे अडकला."

"सांगतलं त्यानं," ते म्हणाले. "विमान लेट झालं म्हणे. त्याले तुम्ही तरी का करान?"

म्हणजे सगळे कळल्यानंतरही त्याने घरी हेच सांगितले होते. मी म्हाताऱ्याला खरे सांगितले. विमान बारा वाजता उतरेल असे बोललो ते खोटे होते. तो नऊला निघाला असता तरी चालले असते. विमान लेट नव्हतेच. मी म्हणालो, "पंचांसमोर येऊन हे सांगायला तयार आहे. लिहूनही देतो."

त्यांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी तलावाकडे पाहिले. पाणी आता मधोमध थोडेच उरले होते, बगळे चालत होते.

"लिहून का होते, बाबूजी? दोरी भूपेशच्या हातात गेली. त्यानं काई चोरी नाई केली. त्याच्याजवळून कशी घेऊ?" मग ते म्हणाले, "माह्या पोरानं घरात तुमचं नाव राखलं. आता तुम्ही इथी येऊन काऊन सांगतलं? मले माहीत नसतं तं बरं होतं."

ते पुन्हा जाळ्याकडे वळले. ज्या जाळ्याला आता तलावात जागा नव्हती, त्याची फाटलेली घरे ते एकेक करून भरत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दिव्यानीला परत जायचे होते. इस्तारी येणार नाही असे मी धरून चाललो होतो. तरी फोन केला. तो म्हणाला, "येतो ना." किती वाजता निघायचे हे सांगायला मी तोंड उघडले, या वेळी खरी वेळ. तिकीट समोर ठेवूनच बसलो होतो.

"राहू द्या, बाबूजी," तो शांतपणे म्हणाला. "ताईले फोन द्या. मी त्यायले विचारतो."

मी फोन दिव्यानीच्या हातात दिला. ती वेळ सांगत होती, तो पलीकडून ती पुन्हा म्हणून पक्की करत होता. मी तिकिटाची घडी घातली आणि खिशात ठेवली.